कपिंगनंतर डाग जितका काळा तितकं विष जास्त निघालं, हे खरं आहे का? घरी कप लावता येतील का?

खरं नाही. डाग म्हणजे रक्त, आणि तेही बाहेर पडलेलं नाही, कातडीखाली साकळलेलं आहे. कपिंगमध्ये आतली हवा आगीने तापवून किंवा पंपाने काढून कप कातडीवर हवाबंद बसवतात. त्यातल्या कमी दाबामुळे कातडी वर ओढली जाते, केशवाहिन्या फुटतात आणि तांबड्या पेशी आजूबाजूला झिरपतात. शरीर त्या रक्ताची विल्हेवाट लावत जातं तसा जांभळा रंग हिरवट, मग पिवळट होतो आणि आठवडा-दहा दिवसांत जातो. मुका मार लागल्यावर हेच होतं. 'कुठलं विष?' असं तुमच्या थेरपिस्टला विचारा. एकाही पदार्थाचं नाव सांगता येणार नाही.

चीनमध्ये रंग बघतात, हे मात्र खरं. गडद जांभळा आला तर रक्त साकळलंय, लालभडक आला तर उष्णता, फिकट राहिला तर थंडी किंवा अशक्तपणा, कपाच्या काचेला आतून पाण्याचे थेंब धरले तर अंगात ओलावा, असं तिथल्या पारंपरिक वैद्यकाचं वाचन आहे. ते पटो न पटो, त्यात रंगावरून रुग्णाची स्थिती वाचायची असते, उपचार किती जोरात झाला ते नाही. डाग काळा यावा म्हणून मुद्दाम कप ठेवून दिला तर त्यावरून काय वाचणार? तो नुसता जास्त वेळ ठेवल्याचा रंग.

चीनमध्ये रुग्णालयाच्या ॲक्युपंक्चर विभागात शिकताना एका वरिष्ठांशी माझा वाद होता तो नेमका यावरच. शिलाई कारखान्यात काम करणारी एक बाई यायची, मान आणि उजवा खांदा धरलेला. पहिला कप दाझुई या ॲक्युपंक्चरच्या बिंदूवर, म्हणजे मान खाली घातल्यावर जे हाड सर्वांत वर येतं त्याच्या लगेच खाली. मग दोन्ही बाजूंना फेइशू, म्हणजे पाठीच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर, मधल्या रेषेपासून रुग्णाच्याच दोन बोटांच्या अंतरावर. इथवर सगळं ठीक. चौथा कप खांद्याच्या कडेवर, जिआनजिंगला. ती जागा उतरती, बाई हडकुळी आणि कप मोठा. त्यामुळे कड सपाट बसेना, हवा आत शिरून कप सुटायचा. अशा वेळी लहान कप घ्यायचा. त्यांनी तोच कप पुन्हा पुन्हा तापवला, ज्योत मोठी केली आणि एकदाचा बसवला. दहा मिनिटांनी डाग 'अजून फिकाच' म्हणून पंचवीस मिनिटांपर्यंत राहू दिला.

कप काढल्यावर खाली दोन वेगळ्या इजा होत्या आणि त्या ओळखता आल्याच पाहिजेत. मधोमध स्वच्छ पाण्याने भरलेले फोड: ते ओढीमुळे येतात, कातडीचा वरचा थर खालच्यापासून सुटतो. कडेला गोल लाल चट्टा: तो भाजल्याचा, कारण सारखी ज्योत लागून काचेची कड तापली होती. 'ओलावा निघाला' असं ते वरिष्ठ म्हणाले, आणि पुढच्या वेळी त्याच जागी कप हवा असं ती बाईही म्हणाली. फोड आले म्हणजे आतली ओल निघाली असं मानणारे लोक चीनमध्येही आहेत, आपल्याकडेही. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की फोड ही इजा आहे. लहान फोड असेल तर हात लावायचा नाही. मोठा असेल तर दवाखान्यात निर्जंतुक सुईने तळाशी टोचून पाणी काढायचं, वरची कातडी तशीच ठेवायची, पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावून वर गॉज. जागा पूर्ण भरेपर्यंत तिथे कप नाही.

चीनमधल्या अभ्यासक्रमात एका जागी कप ठेवण्याची वेळ साधारण १० ते १५ मिनिटं सांगतात, पातळ कातडीला त्याहून कमी. कपिंगच्या पद्धतीसाठी २००८ पासून चीनचं राष्ट्रीय मानकही आहे, जीबी/टी २१७०९.५. तेव्हा 'आमच्या परंपरेत अर्धा तास ठेवतात' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. परंपरा तर खूप जुनी आहे. चीनमधल्या छांगशा शहराजवळच्या मावांगदुई इथे १९७३ साली जे रेशमी हस्तलेख सापडले, ते इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यातले, आणि त्यात मूळव्याधीसाठी शिंग लावून ओढ देण्याचा उल्लेख आहे. आपल्याकडे सुश्रुताने सांगितलेल्या अलाबूमध्ये, म्हणजे भोपळ्यात, दिवा ठेवून हेच साधतात. वैदूंची तुंबडी त्याच घरातली. जगाचं लक्ष डागांवर गेलं ते २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांमुळे, आणि तेव्हापासून डाग हाच उपचार असं लोकांना वाटू लागलंय.

आता आगीच्या कपाबद्दल, म्हणजे घरी का नको ते कळेल. जाड काचेचा, गुळगुळीत कडेचा कप. आर्टरी फोर्सेप्समध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेच्या चिमट्यात, घट्ट धरलेला कापूस, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून थेंब गळणार नाही इतका पिळलेला. कप पाठीच्या अगदी जवळ उपडा धरायचा, पेटता बोळा त्याच्या तळाकडे नेऊन एक ते तीन वेळा फिरवायचा, बाहेर काढायचा आणि त्याच क्षणी कप टेकवायचा. आग ऑक्सिजन खाते म्हणून कप धरतो असं बरेच जण सांगतात. खरं काम गरम हवा थंड होऊन आकसण्याचं आहे. म्हणून बोळा काढल्यावर हात रेंगाळला की ओढ कमी पडते, मग माणूस ज्योत वाढवतो आणि कड तापवून बसतो. कापूस नीट पिळला नाही तर पेटता थेंब थेट पाठीवर पडतो. आतली कातडी सेंटीमीटरभर वर आली की ओढ पुरे. काढताना कप खेचायचा नाही. एका हाताने कप जरा कलता करून दुसऱ्या हाताच्या बोटाने कडेजवळची कातडी दाबायची, हवा आत गेल्याचा आवाज येतो आणि कप सुटतो.

हे पाठीवर स्वतःचं स्वतःला करता येत नाही आणि घरातल्या कोणाकडून करून घेऊ नये. पंपाचे प्लॅस्टिक कप मिळतात, ते चालतील: मांडी किंवा पाठीच्या मांसल भागावर, पंपाचे एक-दोन दाब, पाच मिनिटं. मणक्याच्या हाडांवर नको, मानेच्या पुढच्या बाजूला अजिबात नको, आधीचा डाग जाईपर्यंत तीच जागा नको. टोचून रक्त काढण्याचा प्रकार घरी कधीही नको. तिथे सुई एकदाच वापरायची असते आणि कप दुसऱ्याच्या रक्ताने माखलेला असू शकतो. हिपॅटायटिस बी पसरायला तेवढं पुरतं.

डाग नको असेल तर सरकता कप मागा. पाठीला तेल लावून, ओढ कमी ठेवून, मणक्याच्या बाजूच्या स्नायूवरून कप वरखाली सरकवतात. कातडी सगळीकडे लाल झाली की थांबतात. आखडलेल्या पाठीला माझ्या मते हाच प्रकार सर्वांत चांगला, पण दाखवायला काळे गोल उरत नाहीत म्हणून स्पावाले तो क्वचितच करतात.

उपयोग किती? मान-पाठ दुखण्यावर काही दिवस बरं वाटतं, असं बऱ्याच चाचण्यांत दिसतं, पण त्यातल्या बहुतेक कच्च्या आहेत. फायब्रोमायल्जियावर, म्हणजे अंगभर स्नायू दुखण्याच्या जुनाट आजारावर, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत ओढ टिकू न देणारे खोटे कपही लावून बघितले. खऱ्या कपांचा फायदा त्यांच्यापेक्षा ठळक निघाला नाही. सर्दी, साखर, वजन, 'डिटॉक्स' यांच्या नावाने पैसे देऊ नका.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, प्लेटलेट कमी असतील, फुगलेल्या शिरांची जागा असेल, गरोदरपणात पोट-कंबर असेल, तर कप नको. मधुमेहाने बधिरता आली असेल तर भाजलेलं कळत नाही. बरीच वर्षं स्टिरॉइड घेतलेल्यांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी दहा मिनिटांतही सुटते. सोरायसिस असेल तर कपाच्या जागी नवा चट्टा उठू शकतो. तुमचे आत्ताचे डाग दोन आठवड्यांनीही तसेच असतील, किंवा कप न लावलेल्या जागीही असे डाग उठत असतील, तर थेरपिस्टकडे जाऊ नका. डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्या.