अत्याचारविरोधी जनजागृती मोहिमांनी लोकांचं वागणं खरंच बदलतं का?

बदलतं, पण मारणाऱ्याचं क्वचितच. बदलतो तो शेजारी.

2008 सालची घरगुती हिंसेविरुद्धची 'बेल बजाओ' मोहीम आठवा. तिच्या एका जाहिरातीत भिंतीपलीकडून मारहाणीचा आवाज येतो, बाहेर खेळणारी मुलं खेळ थांबवून बेल वाजवतात आणि दार उघडल्यावर बॉल मागतात. बस्स, एवढंच. 'बायकांना मारू नका' असा उपदेश नाही. तुम्ही काय करू शकता ते दाखवलं, आणि तेही भीती न वाटता जमेल असं. मोहिमेची खरी ताकद मला त्यातच दिसते.

आमच्या चाळीत एका रात्री समोरच्या खोलीत आदळआपट सुरू झाली. आई वाटी घेऊन गेली, कडी वाजवली आणि "विरजण आहे का गं?" म्हणाली. आवाज थांबला. त्या रात्रीपुरता थांबला, हेही खरं.

कारण पुढचा रस्ता जाहिरात बांधून देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम 14 टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितल्याचं दिसलं. पोस्टर पाहून बाई पोलीस ठाण्यात गेली आणि "घरातलं भांडण आहे, मिटवा" असं ऐकून परत आली, तर ती दुसऱ्यांदा जाईल का? मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या 'दिलासा' केंद्रासारखी जागा, जिथे जखमेवर उपचार होतात आणि समुपदेशनही मिळतं, ती हवी. पोस्टरवर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर छापता, तर तो फोन उचलणारं आणि पुढे धावून जाणारं माणूसही हवंच.