नेपाळी हस्तकलेच्या खरेदीची सुरुवात लोक्ता कागदापासून करा

पहिल्याच फेरीत काठमांडूजवळच्या पाटणच्या धातूच्या मूर्तींवर पैसे घालू नका. आधी मेणाचा नमुना, त्यावर माती-शेणाचे थर, मग मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातूचं ओतकाम, शेवटी साचा फोडायचा. हे समजायला आणि पारखायला वेळ लागतो. सुरुवात लोक्ता कागदाने करा, खिशालाही परवडतो.

लोक्ता हे साधारण 1,600 ते 4,000 मीटर उंचीवर, जंगलात वाढणारं झुडूप. कागद होतो तो सालीच्या आतल्या तंतूंचा. मूळ शाबूत ठेवून कापलं तर ते पुन्हा फुटतं, म्हणून माल कुठून आणि कसा तोडून आणलाय, हे दुकानदाराला जरूर विचारा. कागद उजेडासमोर धरा. लांब, वेडेवाकडे तंतू दिसले पाहिजेत. लगदा कापड ताणलेल्या चौकटीवर पसरून चौकटीसकट उन्हात वाळवतात, त्यामुळे एका बाजूला बऱ्याचदा कापडाची वीण उमटलेली असते. बोट फिरवून बघा, कळतं. जाडी थोडी कमी-जास्त असली तर तो दोष समजू नका. घासाघीस मात्र बेताचीच करा, फार कष्टाचं काम आहे हो!

यानंतर अल्लो, म्हणजे एका रानटी खाजऱ्या झाडाच्या सालीच्या सुताचं कापड, बघा. पूर्व नेपाळमधल्या संखुवासभा जिल्ह्यातल्या राई समाजाच्या बायका रानातल्या खाजऱ्या अल्लोची साल राखेच्या पाण्यात उकळून तिचं सूत काढतात. कापड सुरुवातीला खरखरीत लागेल. वापरून मऊ होतं. माझ्या मते अल्लोतली पहिली खरेदी म्हणून साधी, न रंगवलेली शाल घ्यावी.