आहार जुळणे आणि स्पर्धा असणे: आधी भक्ष्याचे गट तपासा

स्नॅपर आणि ग्रूपर या माशांच्या पोटातल्या भक्ष्यावरून शोनर निर्देशांक (दोघांचा आहार किती जुळतो ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) ०.८५ आला, म्हणजे प्रवाळभित्तीवर या दोघांत स्पर्धा आहे का, असा तुमचा प्रश्न. एवढ्यावरून ‘हो’ म्हणता येणार नाही. भक्ष्याचे गट किती आणि कसे पाडलेत? घोळ बहुधा तिथेच असतो.

समजा, एकाच्या आहारात खेकडे ४०, कोळंबी १०, मासे ५० टक्के. दुसऱ्याच्या १०, ४०, ५०. खेकडे-कोळंबी ‘कवचधारी’ म्हणून एकत्र धरले की निर्देशांक थेट १.०. वेगळे धरले तर फरकांची बेरीज ६०, तिची निम्मी ३०, ती १०० मधून वजा केली की ७०, म्हणून ०.७०. पुढे माशांची दोन कुळं ओळखता आली आणि ती ४०-१० व १०-४० अशी निघाली, तर ०.४०. पोटातलं भक्ष्य तेच, आकडा मात्र निम्म्याहून खाली! ०.६ च्या वर गेला की आहार बराच जुळतो, ही सीमाही निव्वळ संकेत आहे.

आता नमुने. गळाचं आमिष मोजणीतून काढा. खोलातून वर ओढलेल्या माशाच्या वाताशयातला (शरीरातल्या हवेच्या पिशवीतला) वायू फुगून जठर तोंडातून बाहेर येतं, आतलं सांडतं. असे मासे ‘रिकामं पोट’ म्हणून नोंदवू नका. मेल्यावरही पचन चालूच राहतं, म्हणून लगेच पोट चिरून १० टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवा, नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये. (डीएनए काढायचा असेल तर फॉर्मालिन नको.) माकूळ पचून गेलं तरी त्याची चोच जठरात राहते, नुसत्या संख्येवर गेलात तर माकूळ फुगलेलं दिसेल. त्यामुळे संख्या, वजन आणि किती पोटांत आढळलं, तिन्ही नोंदवा.

पोपटमासा या तक्त्यात घालूच नका. त्याला खरं जठर नसतं आणि घशातले दात सगळं दळून टाकतात.

पकडण्याची वेळही लिहा. सोल्जरफिश रात्री खातो, दुपारी पकडलात तर पोट बहुधा रिकामंच.

बरं, हे सगळं जमून ०.८५ टिकला तरी स्पर्धा ठरत नाही. भक्ष्य मुबलक असेल तर दोघेही तेच खाऊन सुखात राहतात. त्याच जागेवरचं भक्ष्य किती आहे तेही मोजावं लागेल. आणि त्याआधी मासे लांबीनुसार वेगळे करून निर्देशांक पुन्हा काढा. एकाच जातीच्या पिल्लांच्या आणि मोठ्यांच्या आहारातला फरक कित्येकदा दोन जातींमधल्या फरकाहून मोठा निघतो.