अरबी समुद्र ओलांडण्यासाठी जुन्या धाटणीची ३२ फुटी शिडाची नौका घ्यावी का?

आपण विचारले आहे की, दुबईत कॉलिन आर्चर धाटणीची, दोन्ही टोकांना निमुळती आणि पूर्ण लांबीची कील (तळाखाली उतरणारी उभी भिंत) असलेली एक ३२ फुटी नौका विकाऊ आहे, ती घेऊन गोव्यापर्यंत व पुढे लक्षद्वीपपर्यंत जाण्याचा मानस आहे, पण ही नौका फार जड आणि संथ असल्याचे जो तो सांगतो; तर ती घ्यावी काय? मी सागरी अभियंता असून, याच कुळातल्या एका वेस्टसेल ३२ नौकेवरून मित्रासोबत जानेवारी महिन्यात मस्कतहून गोव्याला आलो आहे. संथपणाबद्दल आपल्याला जे सांगण्यात आले ते खरेच आहे. मात्र ज्या रचनेमुळे ही नौका संथ होते, त्याच रचनेमुळे ती खवळलेल्या समुद्रात माणसाला सांभाळते, हे लक्षात घेतल्याशिवाय निर्णय करू नये.

या आकाराचे मूळ नॉर्वेत आहे. कॉलिन आर्चर (१८३२–१९२१) यांनी तिथल्या मच्छीमारांसाठी बचावनौका आखल्या. भर हिवाळ्यात मासेमारी ताफ्याजवळ थांबून राहणे आणि वादळात सापडलेल्या होड्या ओढून आणणे हे त्यांचे काम होते, त्यामुळे वेगापेक्षा टिकाव महत्त्वाचा ठरला. पुढे अमेरिकी आरेखक विल्यम ॲटकिन यांनी तोच आकार ३२ फुटांत बसवून ‘एरिक’ नावाची नौका आखली, आणि १९७० च्या दशकात फायबरग्लासमध्ये निघालेली वेस्टसेल ३२ ही त्याच ‘एरिक’ची वंशज आहे.

‘एरिक’च्या आराखड्यावरून बांधलेली सर्वांत प्रसिद्ध नौका मात्र मुंबईची आहे. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ मुंबईच्या सुतारांनी सागवानात, वाकस आणि सामता यांसारख्या हातच्या हत्यारांनी घडवली आणि डिसेंबर १९६४ मध्ये नाळेवर (नौकेच्या पुढच्या टोकावर) नारळ फोडून ती पाण्यात सोडली. १४ जून १९६८ रोजी ती इंग्लंडमधील फालमथहून निघाली आणि कुठल्याही बंदराला न लागता, एकट्या माणसाला घेऊन, जगाला फेरी मारून ३१२ दिवसांनी २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतली. हा प्रवास गोल्डन ग्लोब नावाच्या शर्यतीचा भाग होता; तीत नऊ जण उतरले होते आणि प्रवास पूर्ण करणारी ती एकमेव नौका होती.

आता वेगाचा हिशेब पाहू. पाणी कापत जाणारी जड नौका स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, म्हणून तिच्या वेगाला पाणरेषेच्या लांबीची, म्हणजे पाण्याच्या पातळीवर मोजलेल्या लांबीची, मर्यादा पडते. पाणरेषेच्या फुटांचे वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की हा वेग ढोबळमानाने नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळतो. सुहैलीची पाणरेषा २८ फूट आहे, म्हणजे मर्यादा ७ नॉटच्या किंचित वर येते. प्रत्यक्षात सुमारे ३०,००० सागरी मैलांच्या प्रवासात तिचा सरासरी वेग ४ नॉटच्या आसपास राहिला. आपणही आखणी करताना ४ नॉटच धरावेत, म्हणजे दिवसाला ९६ मैल. त्याहून जास्त मिळाले तर आनंद मानावा. मस्कत ते गोवा हे सुमारे १,००० मैलांचे अंतर कापायला आम्हाला ११ दिवस लागले.

त्यांतले पहिले आठ दिवस मला अजून आठवतात. ईशान्येचा वारा १५ ते १८ नॉट होता आणि समुद्र डाव्या बाजूने येत होता. मित्राने शिडे नीट लावून सुकाणूच्या दांड्याला एक दोरी आणि तिच्या विरुद्ध बाजूला रबराची एक नळी बांधली, आणि नौका तासन् तास आपली दिशा धरून चालली. मी खाली शेगडीवर खिचडी टाकली होती. पातेले हेलकावत होते, पण एकदाही उसळले नाही. सुमारे ९ टनांचे वजन लाटेवर हळू चढते आणि हळू उतरते, त्यामुळे झोप लागते, अन्न पोटात राहते आणि दहाव्या दिवशीही डोके ठिकाणावर असते. दोघांच्याच भरवशावर चालणाऱ्या नौकेवर हा गुण मी वेगापेक्षा मोठा मानतो. दिशा धरण्याचे श्रेय लांब कीलला आहे, कारण नौका वळवायची तर पाण्यात उभी असलेली ती लांब भिंत आडवी फिरवावी लागते. सुहैलीची स्वयंचलित सुकाणू यंत्रणा ऑस्ट्रेलियाजवळ कायमची मोडली, तरी केवळ शिडांचा तोल साधून ती पुढे जाऊ शकली, ती या गुणामुळेच.

जड असण्याचा आणखी एक फायदा विक्रेते क्वचितच सांगतात. पाणी, इंधन, शिधा, साखळदंड आणि नांगर मिळून एक टन ओझे सहज होते. ९ टनी नौकेला तो नवव्या हिश्श्याचा भार असतो. त्याच लांबीच्या साडेचार टनी आधुनिक नौकेला तो दुप्पट जाणवतो आणि तिचा कागदावरचा वेग तिथेच बराचसा संपतो.

नवव्या दिवशी मात्र किनारा जवळ आला, वारा ७ नॉटवर उतरला आणि आमची नौका जागच्या जागी डुलू लागली. वजन जास्त, पाण्याला घासणारा पृष्ठभाग मोठा आणि त्या मानाने शिडाचे क्षेत्र बेताचे, म्हणून मंद वाऱ्यात ही नौका जवळपास निरुपयोगी ठरते. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटेचे मतलई वारे आणि दुपारचे खारे वारे यांवरच भिस्त असते. तिथे आपल्याला निम्मा वेळ इंजिन चालवावे लागेल. वाऱ्याच्या तोंडावर जातानाही ती कमी पडते, कारण लांब पण उथळ कील पाण्याला खोल कीलइतकी घट्ट पकडत नाही आणि नौका आडवी घसरत राहते. बंदरात मागे घेताना तर तिला सुकाणू जुमानतच नाही, हे गृहीत धरून धक्क्याला लागावे.

निमुळत्या मागच्या टोकाविषयी बरेच गूढ बोलले जाते. मागून फुटणाऱ्या लाटेला आदळण्यासाठी सपाट पृष्ठभाग मिळत नाही, एवढा लाभ खरा आहे. पण त्यापायी मागची जागा आणि तरंगण्याची क्षमता दोन्ही घटतात. केवळ तेवढ्यासाठी मी अशी नौका घेणार नाही.

तसेच ही धाटणी म्हणजे अभयदान नव्हे. गोव्यात सुहैलीच्याच आराखड्यावर बांधलेल्या ‘तुरिया’वरून भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले होते, सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ती उलटली, डोलकाठी मोडली आणि पाठीच्या मणक्याला गंभीर दुखापत झालेल्या टॉमींना बाहेर काढावे लागले. नौका तरंगत राहिली, हेही नोंदवले पाहिजे. परंतु लाट पुरेशी मोठी असेल तर ३२ फुटांची कोणतीही नौका उलटते.

म्हणून माझा सल्ला असा की, आपला मुख्य बेत खरोखरच समुद्र ओलांडण्याचा असेल तर ती घ्यावी, आणि शनिवार-रविवार किनाऱ्याने फिरण्याचाच असेल तर घेऊ नये. घेण्यापूर्वी ती एकदा मंद वाऱ्यात आणि एकदा २० नॉटच्या पुढे चालवून पाहावी. लाकडी असल्यास कीलला लागून असलेल्या पहिल्या फळीचा सांधा आतून तपासावा; सुहैलीला प्रवासाच्या सुरुवातीलाच तिथे गळती लागली होती आणि नॉक्स-जॉन्स्टन यांना भर समुद्रात पाण्याखाली जाऊन फटीत कापूस ठासावा लागला होता. फायबरग्लासची असल्यास नाळेपुढे निघालेल्या आडव्या काठीला खाली ओढून धरणारी साखळी पाणरेषेजवळ जिथे अडकवलेली असते, ती धातूची पट्टी आणि तिचे बोल्ट काढूनच पाहावेत. ती जागा सतत भिजते, तिथला गंज वरून दिसत नाही, आणि ती पट्टी सुटली तर पुढच्या शिडाचा व डोलकाठीचा आधारच जातो. आमच्या नौकेवर त्या तीनपैकी एक बोल्ट हाताने फिरवताच तुटून आला होता, आणि सुदैवाने तो मस्कतच्या धक्क्यावर तुटला.