मुलाकडे जायचंय, पण तिथे दिवसभर करू काय?

प्रश्न: माझा मुलगा अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी असतो. मे ते ऑक्टोबर तिकडे ये, असा त्याचा धोशा आहे. माझं वय ६७. सगळं आयुष्य चाळीत, दार सताड उघडं टाकून गेलं. मुलगा-सून कामावर गेली की बोलू कोणाशी? शेजारी सहज डोकावलं तर चालतं का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर: ताई, तुमचं पत्र संपादकांनी मुद्दाम माझ्याकडे धाडलं, कारण माझी लेक त्याच गावात आहे आणि मी तिथे दोनदा राहून आले. गावाची वस्ती जेमतेम ५० हजार. कमिन्स ही इंजिनांची कंपनी १९१९ पासून तिथलीच. तिचं काम पुण्यातही चालतं, त्यामुळे पुण्याची माणसं भेटतात. (मुंबईची फुशारकी मारायला श्रोते तयार!)

‘सहज डोकावणं’ मात्र विसरा. आधी फोन किंवा मेसेज, मग भेट. मला हे ठाऊक नव्हतं. शेजारीण घरी नाही म्हणून मी तिच्या रस्त्याकडेच्या टपालपेटीत तिळाच्या लाडवांची पुडी ठेवून आले. जावई धावत जाऊन काढून घेऊन आला. त्या पेटीत तिकीट लावलेल्या टपालाखेरीज काही ठेवायचं नाही, असा तिथला कायदाच आहे. संध्याकाळी पुडी तिच्या हातात दिली, तर ती पाऊण तास दारातच गप्पा मारत उभी! आत या म्हणाली नाही, पण गप्पा मनापासून.

खरी अडचण भाषेची नाही, पायांची आहे. गाडी चालवता येत नसेल तर भाजीसुद्धा मुलाच्या सवडीने आणावी लागते. म्हणून त्याला आजच विचारा, घरापासून वाचनालय किती लांब आणि वाटेत फुटपाथ आहे का. ते वाचनालय आय. एम. पे या नामांकित वास्तुरचनाकाराने बांधलेलं, १९६९ चं. समोर शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची भलीमोठी कमान, खालून चालत जाता येतं. पलीकडे १९४२ चं, एलिएल सारिनेन या वास्तुरचनाकाराचं चर्च. मला त्या चर्चचं फारसं कौतुक वाटलं नाही, आपल्या राजाबाई टॉवरची सर नाही. वाचनालयात मात्र मी रोज दोन तास बसे. दुसऱ्या आठवड्यात तिथली माणसं ओळखीचं हसायला लागली.

मसाले, लोणचं न्या, पण तिथल्या विमानतळावर खाण्याचं सगळं आपणहून सांगा. हापूसचा मोह नको. आजारपणाचा विमा इथूनच काढा, तिथली बिलं बघून बरा झालेला माणूसही आजारी पडतो.

आणि चाळीतल्या मैत्रिणींना सांगून ठेवा: उन्हाळ्यात तुमचे सकाळचे ९ म्हणजे त्यांचे संध्याकाळचे साडेसहा. दिवेलागणीला त्या फोनपाशीच असतील.