तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : "आजी, आज चार पॉइंट नऊ पळालो"

प्रश्न : माझ्या भाच्याचा मुलगा अमेरिकेत ओहायोला असतो, आई तिकडचीच, दणकट बांध्याच्या घरातली, पोरगं तिच्या माहेरावर गेलंय. कॉलेजात ते हेल्मेटवालं फुटबॉल खेळतो, डिफेन्सिव्ह लाइनमन का काय म्हणतात ते. आता एप्रिलमध्ये ड्राफ्ट आहे, तिकडच्या मोठ्या लीगचे, एनएफएलचे, संघ नवी पोरं निवडतात ते, म्हणून डिसेंबर संपल्यापासून फ्लोरिडाला जाऊन राहिलाय. फोन केला की सांगतो, आजी आज चाळीस यार्ड चार पॉइंट नऊ पळालो. अहो वजन १३६ किलो आहे त्याचं! मी त्याच्या दोन मॅच व्हिडिओवर पूर्ण बघितल्या, एकदाही बॉलला हात लागला नाही त्याचा, आणि घरचे म्हणतात मस्त खेळला. मग ह्याला घेणार कशावरून? आणि खेळायचं सोडून नुसता पळतोय कशाला? ड्राफ्ट इकडून कधी बघायचा तेही सांगा, मला रात्री जागरण जमतं.
— एक आजी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : काकू, पहिलं म्हणजे चार पॉइंट नऊ सेकंद हे त्या वजनाला चांगलं आहे, छानच आहे, पुढच्या फोनला शाबासकी द्या. चाळीस यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, तुमच्या पोळाच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडापासून आत सात-आठ घरं धरा. तेवढं अंतर १३६ किलोचा माणूस पाचच्या आत पळतो म्हटल्यावर लोक वळून बघणारच. २०२२ मध्ये जॉर्जिया युनिव्हर्सिटीचा जॉर्डन डेव्हिस म्हणून एक होता, ३४१ पौंड म्हणजे जवळजवळ १५५ किलो, तो ४.७८ मध्ये पळाला आणि सगळे तोंडात बोट घालून बसले, पुढे फिलाडेल्फिया ईगल्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये तेराव्या नंबरला उचललं.

पण गंमत अशी की मॅचमध्ये लाइनमन चाळीस यार्ड सरळ पळतच नाही. वर्षातून एखाद्या वेळी पळत असेल. त्याचं सगळं काम दोन-तीन मीटरात आणि दोन-तीन सेकंदात उरकतं. म्हणून जाणकार माणसं त्या चाळीसातल्या पहिल्या दहा यार्डांचा टाइम वेगळा मोजतात, लाइनमनचा खरा आकडा तो. पुढच्या वेळी त्याला "दहाचा किती आला?" असं विचारा, फोनवर पोरगं दोन मिनिटं गप्प होईल.

आता बॉलला हात न लागण्याचं. काकू, आपण बडोद्याचे, कबड्डीचे नियम १९२३ मध्ये आपल्याच हिंद विजय जिमखान्याने छापले, तेव्हा हे तुम्हाला कबड्डीतून सांगतो. चढाई करणाऱ्याचा घोटा धरतो कोपरारक्षक, मग बाकीचे चार जण धावत येऊन अंगावर पडतात आणि फोटोत वरचे चार दिसतात, खाली घोटा धरलेला कुणाला दिसतो का? तुमचा नातू म्हणजे तो. त्याच्या समोर पाच धिप्पाड गडी असतात, त्यांचं काम एकच, आपल्या क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे बॉल फेकून डाव चालवणाऱ्यापर्यंत, कुणाला येऊ द्यायचं नाही. त्यांच्यातल्या दोघांना तुमच्या एकट्या नातवात गुंतून पडावं लागलं की ह्याच्या बाजूचा एक जण मोकळा सुटतो आणि तो जाऊन क्वार्टरबॅकला आडवा करतो, त्याला सॅक म्हणतात, टाळ्या त्याला, नाव त्याचं. टीमवाल्यांना मात्र माहीत असतं दोघांना कोणी अडकवून ठेवलं होतं.

आता तिसरा व्हिडिओ लावाल तेव्हा बॉल बघूच नका. फक्त ह्याला बघा. वाकून एका हाताची बोटं गवतावर टेकवलेली असतात, बुड वर, वजन पुढे, आणि नजर क्वार्टरबॅककडे नाही तर बॉलवर, कारण क्वार्टरबॅक मुद्दाम खोट्या आरोळ्या देतो, आवाजाला फसून हा आधी हलला की पाच यार्डांचा दंड. आपले जुने मास्तर सांगायचे ना, गड्याच्या हाताकडे बघू नको कमरेकडे बघ, तेच हे. बॉल हलला की हा उसळतो आणि समोरच्याच्या छातीवर दोन्ही पंजे आधी कुणाचे बसतात ह्यावर अर्धा डाव ठरतो. स्लो करून बघा, मजा येते. दोन मॅच पूर्ण बघितल्यात म्हणजे चिकाटी आहेच तुमच्याकडे.

मग पळतोय कशाला? परीक्षेसाठी. सीझन संपला, मॅचेस झाल्या, आता फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कम्बाइन असतं, देशभरातून तीनशेच्या वर पोरं बोलावतात आणि सगळ्या ३२ टीमचे लोक समोर बसून मापं घेतात. फ्लोरिडातलं चाललंय ते म्हणजे क्लास लावलाय हो, बारावीची पोरं लावतात तसा. खर्च बहुतेक वेळा एजंट उचलतो. सुरुवातीला बोटं कुठे टेकायची, पहिलं पाऊल किती लांब, डोकं कधी वर काढायचं, हेच महिनाभर घोटून घेतात, सेकंदाच्या दोन शतांशासाठी. खेळ येणं वेगळं, पेपर सोडवता येणं वेगळं, आपल्याकडे हे कुणाला समजावायला नको.

मापं पण बघण्यासारखी. अनवाणी उभं करून उंची, मग खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी, मग चक्क वीत मोजतात, अंगठा ते करंगळी, आपली आजी उंबऱ्यावर बसून कापड मोजायची तशी. छातीवर पंजे आधी बसायला हवेत म्हणून हात लांब हवा. मग १०२ किलोचा बार आडवं पडून न थांबता किती वेळा उचलता ते, ह्यात २०११ मध्ये स्टीफन पेआने ४९ वेळा उचलला होता, लहानपण टोंगा बेटावर गेलेला माणूस, तो पण तुमच्या नातवाच्याच जागेवरचा. उड्या आहेत, शंकूंभोवती वळत पळणं आहे. बंद खोलीत एकेका टीमचे कोच पंधरा-वीस मिनिटं प्रश्न विचारतात, व्हिडिओ लावून, इथे तू असा का वळलास सांग.

आणि डॉक्टर. माझ्या मते काळजी करायचीच असेल तर ह्याची करा, स्टॉपवॉचची नाही. एक्सरे, एमआरआय, गुडघा खांदा पिरगळून बघणं, सगळ्या टीमचे डॉक्टर बघतात. २०१३ मध्ये युटा युनिव्हर्सिटीचा स्टार लोटुलेलेई, त्या वर्षीचा सगळ्यात वरचा लाइनमन मानायचे त्याला, कम्बाइनमध्ये हृदयाच्या तपासणीत काहीतरी वेगळं दिसलं आणि त्याला धावू पण दिलं नाही. नंतर पुन्हा तपासलं, ठीक निघालं, आणि कॅरोलायनाने चौदाव्या नंबरला घेतलं. पण मधले ते दिवस त्याच्या आईने कसे काढले असतील.

टीव्हीवर चाळीस यार्डच जास्त दाखवतात कारण ते बघायला बरं वाटतं, एवढंच. घेणारी माणसं मॅचचे व्हिडिओ परत परत बघून घेतात. मापाने माणूस कळला असता तर ॲरन डोनाल्ड पहिला गेला असता. उंची जेमतेम सहा फूट एक इंच, त्या जागेसाठी बुटका म्हणाले, २०१४ मध्ये तेरावा गेला. त्यानंतर तीनदा वर्षातला सर्वोत्तम डिफेन्सवाला ठरला आणि २०२४ ला निवृत्त झाला तेव्हा आधीच्या बारा टीमांतल्या बऱ्याच जणांना आपण काय केलं असं वाटलं असणार.

वजनाचं लिहिलंत त्यावरून आपलं एक सांगतो. कॉलेजात असताना कबड्डीच्या सिलेक्शनला माझं वजन दोन किलो जास्त भरायचं, तर मे महिन्यात दोन स्वेटर घालून कमाटी बागेत पळायचो, वरून आदल्या रात्रीपासून पाणी बंद. काट्यावर बसलो बरोबर आणि मैदानात पहिल्याच चढाईला डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसलो, सिलेक्शन गेलं, घरी येऊन दोन प्लेट सेव उसळ खाल्ली. आणि तिकडे जॉन रँडल नावाचा लाइनमन, त्याचं वजन कमी पडायचं, तर कपड्यांच्या आत साखळी गुंडाळून काट्यावर चढला असं सांगतात! १९९० च्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही टीमने घेतलं नाही. मग मिनेसोटाने असाच ठेवून घेतला आणि २०१० मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. हे ह्यासाठी सांगतोय की सात फेऱ्यांत नाव आलं नाही तरी ड्राफ्ट संपल्या संपल्या फोन फिरायला लागतात आणि राहिलेल्यांतले पुष्कळ जण कॅम्पला बोलावले जातात. कॅम्पमध्ये ९० पोरं, शेवटी टीममध्ये ५३.

आता वेळा लिहून घ्या. पहिली फेरी तिकडे गुरुवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला. दुसरी-तिसरी शनिवारी पहाटे साडेचारला. चौथी ते सातवी शनिवारी रात्री साडेनऊपासून, ती चालते मध्यरात्रीनंतर बराच वेळ. एक विनंती आहे काकू, त्या तीन दिवसांत त्याला तुम्ही फोन लावू नका, कितीही वाटलं तरी. टीमचा माणूस टीव्हीवर नाव सांगायच्या आधी पोराला फोन करतो, आणि नेमका तेव्हा बडोद्याहून आजीचा व्हिडिओ कॉल चालू असेल तर अवघड आहे. त्याच्या बापाला करा.

प्रश्न : ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलचा लिलावच ना? नाव वेगळं फक्त?
— रावपुऱ्यातला एक वाचक

उत्तर : नाही हो, उलटंच आहे. लिलावात पैसे बोलतात. ड्राफ्टमध्ये बोली नाहीच, रांग आहे, आणि रांगेत पहिला उभा राहतो गेल्या वर्षी सगळ्यात जास्त हरलेला संघ, सुपर बोल म्हणजे फायनल जिंकलेला सगळ्यात शेवटी. पोराला विचारत नाहीत कुठे जायचंय. ज्याने नाव घेतलं त्याच्याकडे जायचं, घर हजार मैलांवर असलं तरी. पगारही बराचसा कितव्या नंबरला गेलात त्यावर ठरतो, २०११ पासून तसं बांधून टाकलंय, करार चार वर्षांचा. संघ रांगेतली जागा आपसात बदलतात ती मजा वेगळीच, ती परत कधीतरी. नाही म्हणायची सोय आहे, पण मग दुसरीकडे पण खेळता येत नाही लगेच. १९३६ च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात पहिलं नाव आलं जे बरवँगरचं, आणि तो गडी त्या लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही.

प्रश्न : मी कबड्डी खेळतो, डाव्या कोपऱ्यात. वय १९, उंची सहा फूट, वजन ९४ झालंय आणि खाली येत नाही. मोठ्या लीगमध्ये ८५ च्या वर चालत नाही. मित्र म्हणतात तू अमेरिकन फुटबॉलला जा, तिकडे वजन चालतं. खरंच जमेल का?
— मांजलपूर

उत्तर : तुझे मित्र अर्धवट खरं बोलतायत. बाहेरून आलेली पोरं घेतात, जॉर्डन मेलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी खेळायचा, ह्या खेळाची एकही मॅच न खेळता २०१८ ला सातव्या फेरीत ईगल्सने घेतला, आज नावाजलेला आहे. पण तो सहा फूट आठ इंच आहे राजा. वडील भारतीय असलेला ब्रँडन चिलार तिथे वर्षानुवर्षं खेळला, २००४ मध्ये चौथ्या फेरीत गेला, पण तो वाढला, शिकला, खेळला तिकडेच. तुझे ९४ किलो मॅटवर जास्त आहेत आणि त्यांच्या लाइनमध्ये उभं राहायला चाळीस किलो कमी आहेत, अशी अडचण आहे.

अंगावर न पडता खेळतात ते फ्लॅग फुटबॉल मात्र २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, पाच-पाच जणांचं, बॉलवाल्याच्या कमरेची पट्टी ओढली की तो डाव तिथेच थांबतो, लाइनमन वगैरे भानगड नाही. हुलकावणी देणाऱ्याचा खेळ आहे तो, चढाईवाल्यांना पटकन जमेल. तुझ्यासारख्या कोपऱ्यातल्यालाही जमेल, पण तिथेही ९४ वर धाप लागेलच. तर आधी चांगल्या डॉक्टरला, आहारवाल्याला दाखव, चार महिने घे, ८५ वर ये आणि मग ठरव. आणि स्वेटर घालून पळू नकोस.