जाताना दहा तास, येताना बारा: असं का?

प्रश्न : माझी मुलगी टोकियोहून लॉस एंजेलिसला जाऊन आली. जाताना दहा तास लागले, येताना जवळजवळ बारा. अंतर तर तेवढंच! ती म्हणते, पृथ्वी फिरते म्हणून. आणि दोन्ही शहरं साधारण एकाच अक्षांशावर असताना विमान एवढं उत्तरेला का गेलं?

उत्तर : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, पण तिच्याबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. हवा जागेवर थांबली असती, तर येताना उलट कमी वेळ लागला असता, कारण टोकियोच विमानाच्या दिशेने सरकलं असतं.

खरं कारण वारा. मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली. विमानाचा मार्ग आखायचा आणि इंधन किती घ्यायचं ते ठरवायचं, हे काम. ड्यूटीवर आल्या आल्या पहिल्यांदा पाहायचा तो वाऱ्याचा नकाशा. त्यावर एक भरीव त्रिकोण म्हणजे ५० नॉट, ताशी सुमारे ९३ किलोमीटर. हिवाळ्यात जपानच्या आसपास, सुमारे दहा किलोमीटर उंचीवर, असे तीन-तीन त्रिकोण एकाच काटीला लागलेले दिसायचे. म्हणजे ताशी पावणेतीनशे किलोमीटरचा वारा, आणि तोही पूर्वेकडे वाहणारा. हाच जेट स्ट्रीम. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून तो मोजला होता. जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. मला त्याची अजून हळहळ वाटते. १९४४मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर आली, तेव्हा वैमानिक या वाऱ्याने चकित झाले होते.

आता हिशेब करू. अंतर सुमारे ८,८०० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा आणि वाटेत सरासरी १०० चा वारा. जाताना वेग १,००० होतो, वेळ पावणेनऊ तासांच्या आसपास. येताना वेग ८००, वेळ अकरा तास. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं-उतरणं यांचा वेळ वर धरला की तुमच्या मुलीचे आकडे जुळतात.

उत्तरेचं म्हणाल, तर पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. तो आपोआप वर सरकून ४८ अंश उत्तरेपर्यंत जातो. अक्षांश धरून सरळ पूर्वेला गेलं, तर सुमारे ५०० किलोमीटर जास्त पडतात. सपाट नकाशावर हे दिसत नाही. अर्थात या दोऱ्यावरूनही विमान रोज जात नाही. पॅसिफिकवरचे मार्ग त्या-त्या दिवसाचा वारा पाहून आखतात: जाताना वाऱ्याच्या झोतात शिरायचं, येताना तो चुकवायचा. मैल वाढले तरी चालतात, मिनिटं आणि इंधन वाचलं पाहिजे.

प्रश्न : संध्याकाळी पाचला निघून ती त्याच तारखेला सकाळी दहाला पोहोचली. हे कसं?

उत्तर : हिवाळ्यात लॉस एंजेलिसचं घड्याळ टोकियोच्या १७ तास मागे असतं आणि वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते; पूर्वेकडे जाताना ती ओलांडली की तारीख एक दिवस मागे येते. परतीच्या तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात ‘+१’ लिहिलेलं असतं, म्हणजे पोहोचणं निघाल्याच्या दुसऱ्या तारखेला. पुढचं विमान किंवा हॉटेल बुक करताना ते नक्की पाहा. हॉटेलची तारीख चुकते ती बहुतेक तिथेच.